रॅम वाढवल्यावर कॉम्प्युटर मधेच बंद पडणे

जुन्या कॉम्प्युटरमध्ये रॅमची नवीन मेमरी स्टिक घातल्यापासून तो कधी हँग होतो, कधी आपोआप रीस्टार्ट होतो, कधी निळा पडदा दाखवून थांबतो, आणि हे कधी होणार ते सांगता येत नाही, अशा दुखण्याला हे नाव. सांगलीत दुकानात गिऱ्हाईक येतं ते एवढंच सांगतं, "रॅम घातल्यापासनं बंद पडायलाय बघा", बाकीची लक्षणं आपण विचारून काढायची. स्टिक घातली आणि डिस्प्लेच आला नाही, नुसतं बीप बीप वाजतंय, ही वेगळी तक्रार आणि खरं तर सोपी, कारण तिथं दोष समोर उभा असतो. मधेच बंद पडणारा मात्र दुकानात आणला की दोन तास शहाण्यासारखा चालतो आणि घरी नेला की परत तेच.

हे असं मनाला येईल तेव्हा का होतं ते आधी बघू. रॅममधला एकेक बिट (शून्य किंवा एक) म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि एक अगदी चिमुकला कपॅसिटर, ही रचना रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली आणि १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं, आजही मूळ कल्पना तीच आहे. कपॅसिटर म्हणजे गळका माठ, त्यातला चार्ज गळत राहतो, म्हणून सगळी मेमरी साधारण दर ६४ मिलिसेकंदाला परत भरावी लागते. चिप ८५ अंशाच्या वर तापली तर गळती वाढते आणि हेच काम दुप्पट वेगाने करावं लागतं. आता एखादा सेल जरा अधूच असला, किंवा पिनेवर सिग्नल कमकुवत येत असला, तर शंभर वेळा बरोबर वाचलं जातं आणि एकशेएकाव्या वेळी शून्याचा एक होतो. तो बिट एखाद्या फोटोतला असेल तर एका ठिपक्याचा रंग बदलतो आणि कुणाला कळतही नाही, पण विंडोजच्या स्वतःच्या कामाचा असेल तर सगळंच आडवं. शिवाय विंडोज दर वेळी वेगळी गोष्ट त्या जागेवर ठेवतं म्हणून दर वेळी वेगळा एरर. आणि ८ जीबीचं १६ केलं तर वरची जागा भरेपर्यंत दोष बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून तर लोक म्हणतात की नुसतं वर्ड उघडलं तर काही होत नाही, ब्राउझरचे वीस टॅब आणि टॅली एकदम लावलं की गेलं. सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते, ती एका बिटाची चूक स्वतः दुरुस्त करते, आपल्या घरच्या मशीनमध्ये ते नसतं. डीडीआर५ ही रॅमची नवी पिढी, तिच्या चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक ती धरत नाही, त्यामुळं त्या भरवशावर राहू नये.

मार्केट यार्डातली एक केस

हळदीचे सौदे जोरात होते तेव्हाची गोष्ट. एका अडत दुकानातला पीसी, ४ जीबीवर रखडत चाललेला, त्यात ८ ची स्टिक घातली आणि दुसऱ्या दिवसापासून पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद) प्रिंट करताना बंद. शेतकरी दारात उभा, दिवाणजी पट्टी काढतायत आणि निळा पडदा. आधी ज्यानं बघितलं त्यानं नेहमीप्रमाणे फॉरमॅट मारला, चार दिवसांनी परत मारला, फरक शून्य. मी कॅबिनेट उघडलं तर आत सगळं पिवळं. फॅनची पाती पिवळी, हीटसिंकच्या फटीत हळदीचे थर, आणि मदरबोर्डावर बोट फिरवलं तर बोटाला कुंकवाच्या करंड्याशेजारच्या डबीत घातल्यासारखा रंग. जुनी स्टिक एकटी लावून रात्रभर टेस्ट केली, पास. नवीन एकटी, त्याच स्लॉटला (रॅम बसवायच्या खाचेला), तीपण पास. मग नवीन दुसऱ्या स्लॉटला लावली आणि अर्ध्या तासात लाल ओळी, म्हणजे टेस्टमधले एरर, सुरू.

म्हणजे दोष स्टिकमध्ये नव्हताच, स्लॉटमध्ये होता. आणि यातली गंमत अशी की पहिल्या स्लॉटमध्ये इतकी वर्षं स्टिक बसलेली होती त्यामुळं त्याच्या पिना झाकलेल्या होत्या, दुसरा स्लॉट मात्र पहिल्या दिवसापासून आ वासून हळद खात बसला होता. अपग्रेड करताना आपण नेमकं त्या मोकळ्या स्लॉटला हात घालतो. ब्लोअर मारला, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ ब्रशनं पिना साफ केल्या, वाळू दिलं, मशीन चाललं. दिवाणजींचा मात्र अजूनही विश्वास नाही, "नवीन रॅमच डुप्लिकेट होती, तुम्ही काहीतरी केलं" असंच ते म्हणतात.

नदीकाठच्या भागातल्या मशीनमध्ये हाच प्रकार वेगळ्या कारणाने होऊ शकतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की धोका धरतात आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं, २०२१ च्या जुलैत परत आलं. पुराच्या पाण्यात भिजलेलं किंवा महिनाभर ओलीत राहिलेलं मशीन वाळवून चालू होतं, पण मोकळ्या स्लॉटच्या पिनांवर गाळाचा बारीक थर आणि हिरवट गंज राहून जातो, आणि तो बाहेर येतो रॅम वाढवायची हुक्की येते तेव्हा.

बाकीची कारणं

सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे स्टिक पूर्ण बसलेली नसते. बोर्ड वाकेल या भीतीनं माणूस हळू दाबतो, एका बाजूची कडी लागते, दुसरी लागत नाही. बऱ्याच नवीन बोर्डांवर तर कडी एकाच बाजूला असते, तिथं दुसरं टोक वर राहिलेलं कळत नाही. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून दाबायचं, कट्ट आवाज यायला पाहिजे, आणि स्लॉटच्या वर सोनेरी पट्टी कुठं जास्त कुठं कमी दिसत असेल तर ती तिरकी बसलीय. जुन्या स्टिकचे सोनेरी दात काळवंडले असतील तर खोडरबर हळू फिरवायचा आणि त्याचा भुसा झटकायचा, हा आपल्याकडचा पेटंट उपाय आहे आणि चालतो, फक्त दात घासल्यासारखा जोर लावू नये. तोंडानं फुंकर मारू नये, थुंकीचा ओलावा आत जातो. आणि हे सगळं प्लग काढून, आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवून, मगच.

दुसरं, वेगाची भानगड. बॉक्सवर ३६०० लिहिलेलं असतं पण डीडीआर४ चा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच आहे, त्याच्या वरचं सगळं म्हणजे कंपनीनंच केलेलं ओव्हरक्लॉक, आणि ते चालू करायला बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) एक्सएमपी नावाचं प्रोफाईल लावावं लागतं, एएमडीच्या डीडीआर५ बोर्डावर त्याच कामाला एक्स्पो म्हणतात. (जाता जाता, ३२०० मधलं खरं घड्याळ १६०० चंच असतं, एका ठोक्याला दोनदा डेटा जातो म्हणून दुप्पट आकडा, दुकानदार मेगाहर्ट्झ म्हणतो ते सोडून द्या.) होतं काय, पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी ऑन करून जातो, नवीन स्टिक त्या वेगाला तयार असते पण शेजारची २४०० वाली जुनी बिचारी धापा टाकते. म्हणून बंद पडणाऱ्या मशीनवर स्टिक काढायच्याही आधी करायची गोष्ट हीच, एक्सएमपी बंद करून बायोस डिफॉल्टला आणायचा आणि दोन दिवस वापरायचा. थांबलं तर दुखणं कळलं.

दोन वेगवेगळ्या कंपनीच्या स्टिक एकत्र चालत नाहीत असं छातीठोक सांगणारे भरपूर भेटतात. ते अर्धसत्य आहे. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, तीत वेग आणि टायमिंग लिहिलेलं असतं, बोर्ड दोन्हीचं वाचून हळूवालीच्या चालीनं चालतो, आणि बहुतेक वेळा काही त्रास होत नाही. पण होणार नाही याची गॅरंटी नसते, विशेषतः चारही स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येतो आणि वेग खाली आणावा लागतो. एकत्र जोडीनं विकलेलं किट घेतलं तर हा सगळा ताप वाचतो. चार स्लॉटच्या बोर्डात दोनच स्टिक असतील तर त्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटला जातात, बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते कुणी बघत नाही.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, लोक लगेच खापर फोडतात. एक स्टिक फार तर ३ ते ५ वॅट खाते, तेवढ्यानं चांगला एसएमपीएस कोलमडत नाही, मात्र तो आधीच म्हातारा असेल आणि संध्याकाळी शेतीच्या मोटारी चालू झाल्यावर व्होल्टेज झोके खात असेल तर गोष्ट वेगळी. फरक ओळखायचा असा की वीजपुरवठ्याचा दोष असेल तर मशीन निळा पडदा न दाखवता फटकन काळं होतं, रॅमचा असेल तर दर वेळी वेगळ्या कोडचा निळा पडदा, मधेच ब्राउझरचे टॅब मरणं, झिप फाईल खराब निघणं, सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना एरर येणं असलं चालतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ बघून बरेच जण एसएमपीएस बदलून मोकळे होतात, पण ती नोंद फक्त एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन झालं नव्हतं. निळ्या पडद्यावर मेमरी मॅनेजमेंट, पीएफएन लिस्ट करप्ट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया अशी नावं आलटून पालटून येत असतील तर संशय रॅमवर, आणि रोज एकच नाव आणि एकाच ड्रायव्हरची फाईल दिसत असेल तर आधी तो ड्रायव्हर बघा. रॅम घालताना हाताच्या धक्क्यानं हार्डडिस्कची केबल ढिली झाली का तेपण बघून घ्यावं, हे इतकं होतं की विचारू नका.

टेस्ट कशी करायची

विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक असतं, सर्चमध्ये नाव टाकलं की येतं, रीस्टार्ट होऊन तपासतं. घाईत असाल तर ते ठीक, चालू असताना एफ१ दाबून एक्स्टेंडेड टेस्ट लावा. पण ते पास झालं म्हणजे सुटलो असं नाही, बारीक दोष त्यातून निसटतात. खरी कसोटी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६ प्लसची, पहिलं १९९४ पासून आहे, दुसरं त्यातूनच निघालेलं आणि मुक्त सोर्स, पेनड्राईव्हवर टाकून बूट करायचं, म्हणजे विंडोज मधे येतच नाही. निदान चार फेऱ्या होऊ द्यायच्या, रात्री लावून सकाळी बघायचं, यूपीएसवर लावायचं नाहीतर लाईट गेली की परत पहिल्यापासून. एक जरी एरर आला तरी नापास, "एकच तर आलाय" हे इथं चालत नाही. उन्हाळ्यात सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मशीन रोज जिथं असतं त्याच खोलीत टेस्ट करावी, दुकानातल्या एसीमध्ये पास झालेली स्टिक पत्र्याच्या खोलीत नापास झालेली बघितलीय.

एरर आला की एकेक स्टिक, मग एकेक स्लॉट, एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं बरं झालं ते कायमचं गूढ राहतं. आणि संशय नुसता नव्या स्टिकवर ठेवू नका, जुनी स्टिक आधीपासून अधू असते आणि आजवर तिचा तो कोपरा वापरातच आला नव्हता असंही निघतं.

फॉरमॅट मारणं हा आपल्याकडचा सर्वरोगहर उपाय आणि इथं नेमका तोच घातक. खराब रॅममधून जाणारी प्रत्येक फाईल बिघडू शकते, म्हणजे नवीन टाकलेलं विंडोजसुद्धा पहिल्या दिवसापासून कुरतडलेलं. त्याहून वाईट म्हणजे तुमचा डेटा, टॅलीची कंपनी उघडून सेव्ह केली की चुकीचा बिट डिस्कवर कायमचा. म्हणून पहिल्या निळ्या पडद्यानंतर नवीन स्टिक काढून जुन्यावरच मशीन चालू करावं, बॅकअप घ्यावा, आणि जुना बॅकअप पुसून त्यावर नवा टाकू नये. बायोस अपडेटचंही तसंच, त्यानं रॅमच्या बऱ्याच कुरबुरी खरोखर मिटतात, पण ज्या मशीनला मधेच झोपायची सवय लागलीय त्यावर अपडेट करताना ते झोपलं तर बोर्डच गेला, तेव्हा तेही जुन्या स्टिकवर आणि यूपीएस असेल तरच.

लॅपटॉपवाल्यांनी डीडीआर३ आणि डीडीआर३एल हा फरक लक्षात ठेवावा. पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ ची, दोन्ही एकाच स्लॉटला बसतात, आणि फक्त १.३५ देणाऱ्या लॅपटॉपमध्ये जुनी स्टिक घातली तर एकतर चालू होत नाही किंवा लहरीपणा करते. डीडीआर५ च्या मशीनला नवीन रॅम घातल्यावर पहिल्यांदा पडदा काही मिनिटं काळाच राहतो, बोर्ड मेमरी जुळवून घेत असतो, तेव्हा घाबरून बटन दाबू नये.

स्टिक खरोखर खराब निघाली तर बदलून मिळते, बऱ्याच कंपन्या रॅमवर लांब मुदतीची वॉरंटी देतात, बिल आणि स्टिकर मात्र शाबूत पाहिजे. दुकानात जाताना मेमटेस्टच्या लाल ओळींचा मोबाईलवर फोटो काढून न्यावा, नाहीतर तिथं दहा मिनिटं लावून बघतात आणि "चालतंय की हो" म्हणून तीच स्टिक परत हातात देतात.