कोरड्या घोंगडीत साठलेली ऊब

मोबाइलवर परवा एक जाहिरात आली: घोंगडीवर झोपा, शरीरातली नकारात्मक ऊर्जा शोषली जाते, संधिवात पळतो. वाचून चीड आली. घोंगडी शोषते ती पाण्याची वाफ, आणि ती गोष्ट या थापेपेक्षा कितीतरी सुरस आहे.

लोकरीच्या कुरळ्या तंतूंत हवा अडकते, हवा उष्णतेची दुर्वाहक, म्हणून ऊब; हे आपण शाळेत शिकलो. पण आषाढाच्या झडीत डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभ्या असलेल्या धनगराला एवढ्यावर ऊब मिळत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ आणि बहुतेक काळी. तिच्या प्रत्येक तंतूवर मेदाम्लांचा, म्हणजे तेलकट पदार्थाचा, जेमतेम एका रेणूइतका पातळ थर असतो. पावसाचा थेंब त्यावर पसरत नाही, गोळा होऊन घरंगळतो. आत मात्र केराटिन हे प्रथिन आहे आणि त्याला पाण्याची भारी ओढ. थेंबाला अडवणारा थर वाफेच्या सुट्या रेणूंना अडवू शकत नाही. ते आत शिरतात आणि केराटिनच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी, म्हणजे रेणूंमधल्या हलक्या ओढीने, जोडले जातात. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी लोकर अशी रिचवते. पॉलिएस्टर 1 टक्कासुद्धा घेत नाही.

आता खरी गंमत. मोकळी फिरणारी वाफ बांधली गेली की तिची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, ग्रॅममागे साधारण 2.5 किलोज्यूल. दोन किलोच्या घोंगडीने दमट हवेतून आणि अंगाच्या घामातून 100 ग्रॅम वाफ घेतली, तर 250 किलोज्यूल झाले. स्वस्थ बसलेलं शरीर सेकंदाला सुमारे 100 ज्यूल उष्णता देतं. म्हणजे त्याची चाळीस मिनिटांची ऊब घोंगडीने एकटीने दिली, तीही सावकाश, वाफ मुरत जाईल तशी.

  

पण ही ऊब मिळायला घोंगडी आधी कोरडी हवी. वाफेने भरलेल्या तंतूंत नव्या रेणूंना जागा उरत नाही. शिवाय वाळताना तोच हिशेब उलटा फिरतो: बांधलेलं पाणी सुटायला तेवढीच उष्णता लागते, आणि घोंगडी अंगावरच असेल तर ती अंगातूनच ओढली जाते. म्हणून भिजलेली घोंगडी पांघरून बसू नये. ती उन्हात नाहीतर चुलीच्या उबेला टाकावी.