कॉपीलेफ्ट

कॉपीलेफ्ट : एखादी कृती, विशेषतः सॉफ्टवेअर, वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा देताना ‘पुढे वाटाल तेव्हा घेणाऱ्यालाही हीच मुभा द्या’ अशी अट घालणारी परवान्याची पद्धत. कॉपीराइट सोडून देणे म्हणजे कॉपीलेफ्ट, असा समज बराच पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. लेखकाने हक्क सोडला की कृती सर्वांची होते. मग कोणीही तिच्यात चार बदल करून ती आपल्या नावाने कुलूपबंद करू शकतो. कॉपीलेफ्टमध्ये लेखक हक्क स्वतःकडेच ठेवतो आणि तो हक्क, दुसऱ्या कोणाला कुलूप लावता येऊ नये, यासाठी वापरतो. कॉपीराइटचा कायदा नसता तर ही अट पाळायला लावण्याचा मार्गच उरला नसता.

इंग्रजीतल्या ‘राइट’चा अर्थ हक्क आणि उजवा असा दुहेरी, त्यावरची कोटी म्हणून ‘लेफ्ट’. १९७६ साली ली-चेन वांग यांनी आपल्या टायनी बेसिक या प्रोग्रामच्या सोर्स कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरात, हा शब्द गमतीने घातला होता. १९८४-८५ च्या सुमारास डॉन हॉपकिन्स यांनी अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना धाडलेल्या पत्राच्या पाकिटावर ‘कॉपीलेफ्ट : सर्व हक्क उलटे’ अशा अर्थाची ओळ होती. स्टॉलमन ज्या कल्पनेवर काम करत होते तिला त्यांनी हेच नाव दिले.

कल्पनेमागे ठेच लागल्याचा अनुभव होता. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू हा मुक्त संगणकप्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला. त्यातला ईमॅक्स हा संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, तयार करताना त्यांनी जेम्स गॉस्लिंग यांच्या ईमॅक्समधला काही कोड घेतला होता. पुढे गॉस्लिंग यांनी आपल्या कोडचे हक्क एका कंपनीला विकले आणि कंपनीने तो कोड वाटायला मनाई केली. स्टॉलमन यांना तेवढा भाग नव्याने लिहावा लागला. मोकळेपणाने मिळालेला कोड मोकळा राहीलच याची हमी नाही, हे त्यातून दिसले. सुरुवातीला प्रत्येक प्रोग्रामचा परवाना वेगळा होता. १९८९ मध्ये ते एकत्र करून ग्नू जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे जीपीएल, तयार झाले. दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये आली. लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९२ मध्ये लिनक्स कर्नेल, म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा, जीपीएलखाली आणले.

अशा सॉफ्टवेअरला इंग्रजीत ‘फ्री’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे मुक्त व फुकट असे दोन अर्थ होतात. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे इंग्रजी वाचकाचा गोंधळ इथे होत नाही. जीपीएलखालचे सॉफ्टवेअर कितीही किमतीला विकता येते. विकत घेणाऱ्याला सोर्स कोड आणि तो पुढे वाटण्याचा हक्क मात्र द्यावाच लागतो.

अट लागू होते ती वाटप केल्यावर. घरात किंवा कार्यालयात स्वतःपुरते बदल करून वापरणाऱ्यावर काहीच बंधन नाही. सोर्स कोड म्हणजे काय, हेही परवान्यात सांगितलेले आहे : बदल करायला जे रूप सर्वांत सोयीचे ते. मुद्दाम दुर्बोध केलेली फाइल पुढे करून सुटका होत नाही. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार प्रोग्राम बांधण्याच्या आणि बसवण्याच्या स्क्रिप्टही द्याव्या लागतात. त्यामुळेच एखाद्या राउटरच्या खोक्यात, वॉरंटीच्या कागदांमागे, किमान तीन वर्षे सोर्स कोड पुरवण्याची लेखी तयारी दाखवणारी चिठ्ठी सापडते. बहुतेक जण ती न वाचताच टाकून देतात. जीपीएलखालच्या संपादकात लिहिलेला मजकूर मात्र लेखकाचाच राहतो. अट साधनाला असते, त्यातून घडवलेल्या वस्तूला नाही.

घेतलेल्या कोडबरोबर ती नव्या प्रोग्रामलाही लागते, म्हणून विरोधक या अटीला ‘विषाणू’ म्हणतात. ही तुलना अन्यायाची आहे. विषाणू न विचारता शिरतो. इथे दुसऱ्याचा कोड घ्यायचा की नाही हे घेणारा स्वतः ठरवतो. अट नको असेल तर एमआयटी किंवा बीएसडीसारख्या सैल परवान्यांचा कोड आहे, किंवा स्वतः लिहिण्याची वाट मोकळी आहे.

या अटीने प्रत्यक्षात काय घडते हे लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरने दाखवले. २००३ मध्ये त्यात लिनक्स असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. सोर्स कोड मात्र दिलेला नव्हता. पाठपुराव्यानंतर कोड खुला झाला आणि त्यावरून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरांसाठीचे मुक्त सॉफ्टवेअर उभे राहिले. आज ते असंख्य राउटरांवर चालते. उत्पादकाने वाऱ्यावर सोडलेल्या उपकरणांनाही त्यातून सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. लिंकसिस ताब्यात घेतलेल्या सिस्को कंपनीवर स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने इतर उत्पादनांवरून डिसेंबर २००८ मध्ये दावा लावला. मे २००९ मध्ये तो तडजोडीने मिटला.

न्यायालयांनी या परवान्यांना वजन दिले. २००४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने जीपीएल मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला. अमेरिकेतला महत्त्वाचा निकाल २००८ चा, आणि तो चक्क खेळण्यातल्या आगगाड्या चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरून लागला. परवाना कॉपीलेफ्टहून सैल होता, पण प्रश्न तोच : पैसे न घेता दिलेल्या कोडची अट मोडली तर कॉपीराइटचा भंग होतो का? अपील न्यायालयाने होऊ शकतो असे ठरवले.

पळवाटाही निघाल्या. टिव्हो कंपनीच्या व्हिडिओ रेकॉर्डरचा कोड मिळे, पण बदललेला कोड यंत्र चालवून घेत नसे. जून २००७ मधल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती उपकरणांबाबत ही वाट बंद केली. लिनक्स कर्नेल मात्र दुसऱ्याच आवृत्तीवर राहिले. सॉफ्टवेअर न वाटता सर्व्हरवरून नुसती सेवा द्यायची, ही दुसरी वाट. ती अडवण्यासाठी त्याच वर्षी एजीपीएल या जीपीएलच्या भावंड परवान्याची तिसरी आवृत्ती आली.

सॉफ्टवेअरबाहेर, लेखन-चित्रांसारख्या कृतींसाठी, ही पद्धत क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या ‘शेअर-अलाइक’ (त्याच अटीवर वाटा) परवान्यांत आहे. विकिपीडियाने असा परवाना २००९ मध्ये स्वीकारला.

अट मोडल्याची दाद सहसा कोडचा लेखकच मागतो, आणि तिची खरी गरज असते ती उपकरण विकत घेणाऱ्याला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात व्हिजिओ या टीव्ही-उत्पादकाविरुद्ध सोर्स कोड मिळावा म्हणून दावा केला, तो कोडची लेखक म्हणून नव्हे, टीव्हीची ग्राहक म्हणून. प्रकरण कॉपीराइटचे असल्याचे सांगून व्हिजिओने ते संघीय न्यायालयात नेले. मे २०२२ मध्ये त्या न्यायालयाने ते राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवले.