स्ट्रीट ट्रकचं सुपरचार्जिंग आणि कूलिंग

इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरने हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबायची म्हणजे सुपरचार्जिंग, आणि दाबल्यामुळे तापलेली ती हवा, शिवाय वाढलेल्या ताकदीमुळे तापलेलं इंजिन, दोन्ही आवाक्यात ठेवायचं म्हणजे त्याचं कूलिंग. बऱ्याच संदर्भग्रंथांत हे दोन विषय वेगवेगळ्या नोंदींत येतात, इथे मुद्दाम एकत्र घेतलेत, कारण पुण्याच्या हवेत बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, किती ठेवायचा हे कूलिंग ठरवतं, कॉम्प्रेसर फिरवणाऱ्या पुलीचा साइज नाही.

आधी शब्दाचं बघू. इथे ट्रक म्हणजे मार्केट यार्डात कांदा उतरवणारा दहा चाकी ट्रक नव्हे. अमेरिकेत मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपला सरसकट ट्रक म्हणतात, आणि तीच पिकअप खाली बसवून, मोठं व्ही-८ इंजिन (V आकारात चार-चार असे आठ सिलिंडर) ठेवून, चिखलात नाही तर डांबरी रस्त्यावर पळवायला बनवली की ती स्ट्रीट ट्रक. कंपनीतूनच सुपरचार्जर घेऊन आलेलं ठळक उदाहरण म्हणजे फोर्डची एफ-१५० लाइटनिंग (१९९९ ते २००४), ५.४ लिटर व्ही-८, वर ईटन कंपनीचा ब्लोअर (म्हणजे सुपरचार्जरच), त्याच्या खाली दाबलेली हवा थंड करणारा पाण्याचा इंटरकूलर, सुरुवातीला ३६० आणि २००१ पासून ३८० हॉर्सपॉवर. रॅमची टीआरएक्स तशी ऑफरोड गाडी, पण ६.२ लिटर इंजिनवर २.४ लिटरचा ट्विन स्क्रू (दोन पिळांचा सुपरचार्जर) आणि ७०२ हॉर्सपॉवर, म्हणून तिचंही नाव या विषयात येतंच.

उगम

पहिला सुपरचार्जर कोणाचा यावर मतं बरीच आहेत आणि बरेचसे वाद "पहिला" म्हणजे काय यावरूनच होतात. यंत्र म्हणून बघितलं तर मान अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांकडे जातो, त्यांचं पेटंट १८६० चं. गोष्ट अशी सांगतात की त्यांच्या लोकरीच्या गिरणीसाठी ते पाणचक्कीला पर्याय शोधत होते, आतले फिरणारे लाकडी लोब (फुगीर पाती) पाण्याने फुगून अडकले, मग दुरुस्ती करून पट्ट्यावर फिरवून बघताना हवेचा असा झोत आला की शेजारच्या माणसाची टोपी उडाली, आणि हे पाण्यासाठी नाही तर हवेसाठी बरं आहे हे सगळ्यांच्या लक्षात आलं. ही गोष्ट १८५० च्या दशकाच्या शेवटी कधीतरी घडलेली मानतात. टोपीचा भाग नंतर जोडलेला असू शकतो, पण लोकरीच्या गिरणीचा धागा पटण्यासारखा आहे. मात्र रूट्स बंधूंचा ब्लोअर भट्ट्यांना आणि खाणींना हवा द्यायला होता, मोटारगाडीचा त्यात काही संबंध नव्हता, त्यामुळे त्यांना सुपरचार्जरचे जनक म्हणणं थोडं जास्तच होतं.

इंजिनात दाबून हवा भरायची कल्पना धरली तर काही जण स्कॉटिश इंजिनिअर ड्युगाल्ड क्लर्कचं १८७८ च्या सुमाराचं टू-स्ट्रोक इंजिन पुढे करतात, पण त्यातला पंप मुख्यतः जुना धूर बाहेर ढकलून नवीन मिश्रण आत आणायला होता, दाब वाढवायला नाही, म्हणून हा दावा कमजोर वाटतो. गॉटलीब डाइमलरचं जर्मन पेटंट १८८५ चं, लुई रेनोचं सेंट्रिफ्यूगल (पंख्यासारख्या) पद्धतीचं फ्रेंच पेटंट १९०२ चं. पेटंट म्हणजे कागद. प्रत्यक्ष रस्त्यावर पळालेली गाडी हवी असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या ली चॅडविकच्या गाडीपाशी थांबावं लागतं, १९०७-०८ च्या सुमाराला त्याने सहा सिलिंडरच्या इंजिनावर पट्ट्याने फिरणारा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर बसवला आणि १९०८ मध्ये जायंट्स डिस्पेअर नावाच्या घाट-शर्यतीत ती गाडी जिंकली. मोटारगाडीपुरतं बोलायचं तर याच मताकडे झुकणं जास्त रास्त. दुकानात विकत मिळणाऱ्या गाडीत हे यायला मात्र १९२१ उजाडलं, बर्लिनच्या मोटार शोमध्ये मर्सिडीजने दोन मॉडेलं मांडली तेव्हा.

ट्विन स्क्रूच्या बाबतीतही असंच. स्वीडनच्या आल्फ लायशोमचं नाव सगळीकडे दिसतं, काम १९३० च्या दशकातलं, पण जर्मनीत हाइन्रिश क्रिगारने स्क्रूचं पेटंट १८७८ मध्येच घेतलं होतं. क्रिगारची रचना त्या काळच्या मशिनिंगने नीट बनवता येत नव्हती असं सहसा मानतात, म्हणून श्रेय लायशोमला गेलं ते अगदीच चुकीचं नाही.

हॉट रॉडवाल्यांच्या, म्हणजे जुन्या गाड्यांची ताकद वाढवून पळवणाऱ्यांच्या तोंडी असलेला "सिक्स-सेव्हंटीवन" हा आकडा जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनवरून आलाय, ६ सिलिंडर आणि प्रत्येक ७१ घनइंचाचा, म्हणजे साधारण १.१६ लिटर. ते टू-स्ट्रोक डिझेल ब्लोअरशिवाय चालूच शकत नव्हतं. भंगारात निघालेल्या या इंजिनांचे ब्लोअर पोरांनी उचलून पेट्रोल व्ही-८ वर बसवले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची लाटच आली.

प्रकार आणि उष्णता

पुण्यात ज्यांनी रूट्स ब्लोअर गाडीत कधी बघितला नाही त्यांनी तो ऐकलेला नक्की असतो, मोठ्या सोसायटीच्या तळघरात एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करण्याच्या) टाकीत हवा सोडणारं जे घरघरणारं यंत्र असतं ना, तेच ते. इंग्रजी आठाच्या आकाराचे दोन लोब, एकमेकांना न शिवता उलटसुलट फिरणारे. यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. रूट्स हवा आत दाबत नाही, फक्त एका बाजूची उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, आणि बाहेर आधीच दाबलेली हवा असल्यामुळे ती उलटी आत घुसते, तिथे दाब आणि उष्णता दोन्ही एकदम वाढतात. ट्विन स्क्रू पिळातच हवा हळूहळू दाबत नेतो म्हणून कमी तापवतो. सेंट्रिफ्यूगल हा पंख्याचा प्रकार, वरच्या आरपीएमला उत्तम, पण खालच्या आरपीएमला बूस्ट नाही, आणि जड पिकअपला सिग्नलवरून उचलायला खालचाच टॉर्क लागतो. कार्यक्षमता साधारण अशी की जुन्या सरळ लोबच्या रूट्सची ५० टक्के, पीळ दिलेल्या चार लोबच्या नव्या रूट्सची आणि ट्विन स्क्रूची ७० च्या आसपास.

आता पुण्याचा हिशोब. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब मुंबईला १४.७ पीएसआय धरला तर इथे १३.७ च्या जवळपास. गेजवर ८ पीएसआय बूस्ट हवा असेल तर दाबाचं गुणोत्तर इथे १.५८ होतं, मुंबईत १.५४. म्हणजे तोच गेजवरचा आकडा गाठायला इथे ब्लोअरला जास्त काम करावं लागतं आणि हवा जास्त तापते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एप्रिलात ४० अंशाची हवा आत घेतली तर जुन्या रूट्समधून ती सव्वाशे अंशाच्या वर बाहेर पडते, चांगल्या ट्विन स्क्रूमधून शंभरच्या आसपास. अशी हवा थेट सिलिंडरमध्ये गेली की पेट्रोल स्पार्कच्या आधीच किंवा भलतीकडे पेटतं, नॉकिंग होतं, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, आणि ईसीयूला जमलं नाही तर पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते.

पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग टाळायच्या ताकदीचा आकडा, इथे मदतीला येतो. पंपावरचं साधं पेट्रोल ९१ च्या वर नाही असं धरूनच टायमिंग बसवत, पण १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये ज्या पहिल्या दहा शहरांत आलं त्यात पुणं होतं. इथेनॉलचं मिश्रण नॉकिंगला चांगलं, फक्त त्याला इंधन जास्त लागतं, जुना इंजेक्टर पुरत नाही.

कूलिंग

इंटरकूलर दोन तऱ्हेचे, हवेचा आणि पाण्याचा. व्ही-८ च्या दरीत बसणाऱ्या ब्लोअरला पाण्याचाच सोयीचा, कारण ब्लोअरच्या पोटाखालीच तो मावतो. त्याचं पाणी इंजिनच्या कूलंटपेक्षा पूर्ण वेगळं असतं: वेगळा छोटा इलेक्ट्रिक पंप, वेगळी टाकी, आणि बंपरमागे वेगळा रेडिएटर. ५०० हॉर्सपॉवरच्या इंजिनला पूर्ण थ्रॉटलवर सेकंदाला साधारण ०.४ किलो हवा लागते, ती ६० अंश थंड करायची म्हणजे २४ किलोवॅट, घरातला २ किलोवॅटचा गिझर घेतला तर असे बारा गिझर एकदम चालू ठेवल्याएवढी उष्णता. ही सगळी शेवटी बंपरमागच्या त्या जाळीतूनच बाहेर जायची आहे, आणि तिच्या मागे एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे इंजिनचा रेडिएटर, सगळे एकाच वाऱ्यावर अवलंबून. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम म्हणजे रेडिएटरच्या चारी बाजूंच्या फटी फोमने बंद करणं आणि पंख्याला पूर्ण श्राउड (भोवतीचं आवरण) देणं. फट राहिली की वारा रेडिएटरमधून न जाता बाजूने निघून जातो, मग कितीही जाड रेडिएटर घाला.

पुण्यात खरी परीक्षा वेगात नाही, थांबल्यावर होते. चालू गाडीत साध्या थ्रॉटलला बायपास व्हॉल्व्ह (हवा दाबली न जाता परत फिरू देणारी झडप) उघडा असतो, ब्लोअर नुसताच फिरतो, तापत नाही. पण सिग्नलला दहा मिनिटं अडकली की ९५ अंशाच्या इंजिनवर बसलेलं ते ॲल्युमिनियम ऊब पीत राहतं. भोसरीच्या एका शेडमध्ये तयार झालेल्या अशा एका गाडीत मी स्कॅनर लावून बसलो होतो, एप्रिलची दुपार, कात्रजहून बायपासने येताना आत जाणारी हवा पन्नासच्या खाली होती आणि चांदणी चौकाच्या गर्दीत बघताबघता सत्तरच्या वर गेली, रस्ता मोकळा झाल्यावर थ्रॉटल दाबला तर गाडी उचलेचना. बॉनेट उघडून मेकॅनिकने इंटरकूलरच्या दोन्ही होजना हात लावला, एकाचा चटका बसला आणि दुसरा थंडगार. दोन्ही जवळपास सारखेच कोमट लागले तर पाणी फिरतंय असं समजायचं, एक गरम एक गार म्हणजे पंप बंद पडलाय किंवा हवा अडकलीये. इथे हवा अडकली होती. इंटरकूलर टाकीपेक्षा वर असल्यामुळे बुडबुडा तिथे जाऊन बसतो, तो काढायला पुढची चाकं उंचावर चढवून टाकीचं झाकण उघडं ठेवून पंप चालवायचा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे काम घाईत कोणी करू नये.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे गाडी हीट मारायला लागली की हमखास मिळतो. तो मानू नये. थर्मोस्टॅट काढला की हायवेला इंजिन गरमच होत नाही, मिश्रण जाड (पेट्रोल जास्त असलेलं) राहतं, सिलिंडर झिजतात, आणि गर्दीत तापायची ती तापतेच, कारण तिथे अडचण वाऱ्याची असते. कूलंटमध्ये निम्मं ग्लायकॉल घालायची पद्धत बर्फ पडणाऱ्या देशातली, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहतं, इंटरकूलरच्या सर्किटला इथे गंजरोधक घातलेलं डिस्टिल्ड पाणी आणि थोडं ग्लायकॉल पुरतं. बोअरिंगचं पाणी कधीच नको, क्षाराने जाळ्या बुजतात.

पुण्यात

पुणं हे टर्बोचं, म्हणजे पट्ट्याऐवजी इंजिनच्या धुरावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचं गाव म्हणायला हवं, पिंपरी-चिंचवडला डिझेल गाड्या, कोथरूडला कमिन्स, वेताळ टेकडीला लागून १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. इथे मिळणाऱ्या हायलक्स, व्ही-क्रॉस या पिकअपही टर्बो डिझेलच. त्यामुळे सुपरचार्जरचा अनुभव असलेले हात थोडे, पट्टा, होज, क्लॅम्प नाना पेठेत मिळतात, ब्रॅकेट भोसरीत लेथवर बनतात, बाकी बाहेरून. कायद्याने मोटार वाहन अधिनियमाचं कलम ५२ बघावं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये मूळ स्पेसिफिकेशन बदलण्याविरुद्ध निकाल दिला, म्हणून आरटीओच्या परवानगीशिवाय रस्त्यावर असा बदल चालत नाही.

ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या) धावपट्टीवर, उदाहरणार्थ ॲम्बी व्हॅलीला, इंटरकूलरच्या टाकीत बर्फ टाकतात. १ किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, आणि चौदा सेकंदांच्या एका रनला वर सांगितलेल्या हिशोबाने ३३६ लागतात, म्हणजे रनला एक किलो. इंजिनची ऊबही तोच बर्फ खातो म्हणून दुप्पट धरावा, खडे पंपाच्या तोंडाशी जाऊ नयेत म्हणून मध्ये जाळी, आणि वितळलेलं पाणी सोडायला टाकीच्या तळाला नळ ठेवावा.