विम्याचं मेडिकल लागलंय? उपाशीपोटी निघण्याआधी एवढं वाचा

रविवारी दुपारी तांबडा-पांढरा आणि सोमवारी सकाळी रक्त. टर्म विम्याच्या (मुदतीत मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा विमा) मेडिकलची तारीख कोल्हापुरात अशी पडली की ट्रायग्लिसराइड्सचा, म्हणजे रक्तातल्या चरबीचा, आकडा बघून माणूस डोक्याला हात लावतो. मधला वार मागून घ्या, देतात.

मेडिकल सगळ्यांनाच लागतं असं नाही. वय, मागितलेली रक्कम आणि प्रपोजल फॉर्ममधली उत्तरं बघून कंपनी ठरवते. तरुण माणसाचं, लहान रकमेचं काम कधीकधी फोनवरच्या प्रश्नांवर भागतं. वय किंवा रक्कम वाढली की रक्त, लघवी, ईसीजी आणि त्यावर टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालायची तपासणी. खर्च सहसा कंपनीचा. मात्र पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांच्या फ्री लूक मुदतीत परत केलीत, तर तो तुमच्या पैशातून कापला जातो.

फॉर्म गेला की फोन येतो: लॅबमध्ये येता की माणूस घरी पाठवू? रक्त घरी देता येतं, टीएमटीला मात्र जावंच लागतं. 10 ते 12 तास उपाशी राहायचं, साधं पाणी चालतं. आदल्या रात्री गंगावेशीत दूध प्यायला जाणार असाल तर वेळ मोजून जा. तालमीतल्या पोरांनी आदल्या दिवशी जोर-बैठकांना सुट्टी द्यावी. जबर व्यायामानं लघवीत प्रथिनं दिसतात, क्रिएटिनिनही (मूत्रपिंडाचं काम ज्यावरून बघतात ते) वाढलेलं येऊ शकतं. बीपी-शुगरच्या गोळ्या त्या सकाळी घ्यायच्या की नाही, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. पाळी चालू असेल तर लघवीच्या तपासणीची तारीख पुढे घ्या.

तिथे आधी ओळखपत्र आणि फोटो, मग उंची, वजन, पोटाचा घेर, नाडी, बीपी. माझ्या वेळी दसरा चौकाच्या सिग्नलला अडकून घामाघूम पोचलो, बीपी 146/94. डॉक्टरांनी पंख्याखाली दहा मिनिटं बसवलं, मग 132/84. दोन्ही आकडे त्यांनी कागदावर लिहिले. रक्तातून साखर, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, यकृत-मूत्रपिंडाचं काम बघतात. एचआयव्ही तपासणी असेल तर संमतीपत्रावर सही घेतात.

आणि कोटिनिन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ. हे नाव लक्षात ठेवा, कारण मावा खाणाऱ्याला ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणून सुटता येत नाही. मावा, गुटखा, मिश्री, सगळ्यातलं निकोटीन यात सापडतं. दोन दिवस बंद ठेवून उपयोग नाही. फॉर्ममध्ये बहुतेक वेळा मागच्या वर्षभराचं विचारलेलं असतं, आणि खरी गोम तिथेच आहे. एजंट भराभर सगळीकडे ‘नाही’वर टिक करतो, आपण सही ठोकतो. 1938 च्या विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसी सुरू झाल्यापासून 3 वर्षांपर्यंत कंपनी लपवाछपवीवर बोट ठेवून दावा नाकारू शकते. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तर ही 3 वर्षं नव्यानं मोजतात. मेडिकल चांगलं आलं म्हणून फॉर्ममधलं खोटं खरं होत नाही. शुगरची गोळी चालू असेल तर तसं लिहा, हप्ता वाढू शकतो.

कागदपत्रं: आधार, पॅन, वयाचा पुरावा, फोटो, जुने रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड. पगारदारांना पगाराच्या स्लिपा किंवा फॉर्म 16, व्यावसायिकांना आयकर विवरणपत्रं. शेतीवर घर चालत असेल तर ऊसबिल जमा होतं त्या खात्याचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि उत्पन्नासाठी काय चालतं ते कंपनीला आधीच विचारा. आधार-पॅनवर नाव वेगवेगळं असेल तर गाडी तिथेच अडते.

पुढे चारपैकी एक उत्तर येतं: नेहमीच्या हप्त्यात मंजूर, जादा हप्ता लावून मंजूर, काही महिने थांबा, किंवा नकार. गरोदरपणात बहुधा ‘थांबा’ येतं. जादा हप्ता लावला तर कारण आणि रिपोर्टची प्रत मागा. नकार आला तर दुसऱ्या कंपनीत ‘पूर्वी प्रस्ताव नाकारला होता का’ या रकान्यात ‘हो’ लिहा आणि रिपोर्टची प्रत सोबत जोडा.