शॉक अॅब्सॉर्बर बदलताना: ऊर्जा कुठे दडलीय?

खड्ड्यात चाकाला बसलेला धक्का आधी स्प्रिंग झेलते. गाडीचं वजनही तिच्यावरच असतं. पण झेललेली ऊर्जा ती ठेवून घेत नाही, परत करते. तिला मोकळं सोडलं तर गाडी सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली डुलत राहील. हे डुलणं मोडायचं काम शॉक अॅब्सॉर्बरचं, म्हणजे गॅरेजमधल्या शॉकअपचं.

आत तेलाची नळी आणि तिच्यात सरकणारा दट्ट्या. दट्ट्याला बारीक भोकं, त्यांवर पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा. तेल त्यातून रेटलं जातं आणि हालचालीची ऊर्जा उष्णता बनते. खराब रस्त्यावरून आल्यावर नळी हाताला गरम लागते ती त्यामुळेच. झडपांची मांडणी तर मला फारच आवडते. नळी आखडताना विरोध कमी, लांबताना जास्त. उंचवट्यावर चढणारं चाक अडवलं तर धक्का थेट बॉडीत जाईल, म्हणून त्याला चढू द्यायचं. दबलेली स्प्रिंग उसळू लागली की मात्र धरायचं.

तेल अडवणारं रबरी सील गेलं की तेल झिरपतं आणि धूळ बसून नळी काळी, ओशट दिसते. टायर जागोजागी खोलगट झिजतो. खडबडीत रस्त्यावर ब्रेक दाबला तर चाक उड्या मारतं आणि गाडी उशिरा थांबते. हा निव्वळ आरामाचा प्रश्न नाही, म्हणून चालढकल नको.

बऱ्याच छोट्या गाड्यांत मागचा शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो. तो घरी बदलता येतो, पण जोडीनेच बदलावा. गाडी स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकवर कधीच नाही. एक्सलला, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, खालून वेगळा आधार हवा. नाहीतर बोल्ट निघताच तो खाली लोंबतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो. नव्या शॉकअपच्या दट्ट्याचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये, कारण बारीकसा चराही सील कापतो. खालच्या बुशचा, म्हणजे जोडातल्या रबरी नळकांड्याचा, बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळावा. लोंबत्या स्थितीत आवळला तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढे बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकअपभोवतीच दाबून बसवलेली. समजा, १० सेंमी दाबायला २०० किलो भार लागणारी स्प्रिंग २० सेंमी दबलेली आहे. तिच्यात सुमारे ४०० जूल ऊर्जा साठते; २० किलोची वस्तू दोन मीटरवरून पडावी तितकी. कॉम्प्रेसरने, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या अवजाराने, स्प्रिंग नीट आवळण्याआधी वरचा मधला नट सैल केला, तर ही सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते. हाताशी चांगला कॉम्प्रेसर आणि सोबत जाणता माणूस नसेल, तर पुढचं काम गॅरेजलाच द्यावं. अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, नंतर तिथे जावंच लागतं.