सूक्ष्मतापक, वायुसंवेदकांतील

सूक्ष्मतापक : धातूच्या ऑक्साइडावर आधारलेल्या वायुसंवेदकातील संवेदी थर ठरावीक तापमानाला ठेवणारी, सिलिकॉनच्या चकतीवर घडवलेली अतिसूक्ष्म विद्युत् शेगडी. तापक, त्याखालील पटल आणि वरचे विद्युत् अग्र यांच्या एकत्रित रचनेला मायक्रोहॉटप्लेट म्हणतात. मराठीत ‘सूक्ष्म तप्तपट्टिका’ हा शब्दही चालेल. संवेदी थर बहुधा कथिल ऑक्साइडाचा असतो; त्याच्या पृष्ठावर चिकटलेला ऑक्सिजन थरातील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. कार्बन मोनॉक्साइड किंवा स्वयंपाकाचा गॅस त्याच्याशी विक्रिया करतो, तेव्हा ते इलेक्ट्रॉन मोकळे होतात व थराचा विद्युत् रोध घटतो. ही विक्रिया पुरेशा वेगाने होण्यास साधारणतः २००° ते ४००° से. तापमान लागते, म्हणून तापक हवा.

पूर्वीच्या संवेदकांत चिनी मातीच्या नळीत तारेचे वेटोळे असे. एमक्यू मालिकेतील, विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत सर्रास दिसणारे संवेदक याच घराण्यातले. त्यांच्या तापकाचा रोध सुमारे ३३ ओहम असून ५ व्होल्टवर त्यात पाऊण वॉट खर्च होतो. घरातील भिंतीवरच्या गजरासाठी हे खपते, बॅटरीवरील उपकरणासाठी नाही.

आद्यत्वाचा प्रश्न : वायूमुळे अर्धसंवाहकाच्या पृष्ठाचे गुणधर्म बदलतात, हे ब्रॅटन व बार्डीन यांनी जर्मेनियमाच्या संदर्भात १९५३ मध्ये दाखवले होते. संवेदकाचे श्रेय मात्र जपानकडे जाते. क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये जस्त ऑक्साइडाच्या पातळ पटलाने वायू ओळखल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिल ऑक्साइडाच्या संवेदकाच्या पेटंटासाठी अर्ज केला. शोधनिबंध प्रमाण मानणारे सेइयामांना आणि बाजारात टिकलेली वस्तू प्रमाण मानणारे तागुचींना पहिले म्हणतात.

सूक्ष्मतापकाचे मूळ याहून धूसर आहे. पातळ सिलिकॉन पटलावर कथिल ऑक्साइडाचा संवेदक बसवण्याचे प्रयत्न अमेरिकेत बहुधा १९८० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. स्वित्झर्लंडमध्ये दमार्न व ग्रिझेल यांनी १९८८ मध्ये सिलिकॉनवरील कमी शक्तीच्या कार्बन मोनॉक्साइड संवेदकाचे वर्णन प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील सुली, कॅव्हिची, गायतान, सेमॅन्सिक आदींनी १९९३ मध्ये सीमॉस (संगणकाच्या चिपा बनवण्याच्या नेहमीच्या) प्रक्रियेत बनलेल्या, लटकत्या तप्तपट्टिकेवरचा संवेदक मांडला. ‘मायक्रोहॉटप्लेट’ हा शब्द रुळला तो मुख्यतः या गटाच्या लेखनामुळे, आणि त्यामुळेच पुष्कळदा संकल्पनाही त्यांच्याच नावावर टाकली जाते. संवेदी थर, तापक व औष्णिक विलगन एकाच चकतीवर आणणे ही कसोटी लावल्यास १९८८ चे काम आधीचे ठरते. सर्वसाधारण इलेक्ट्रॉनिक्स कारखान्याच्या प्रक्रियेतून निर्मिती ही कसोटी लावल्यास १९९३ चे.

उष्णतेचा हिशेब : सूक्ष्मतापकाचा आराखडा म्हणजे मुख्यतः उष्णतेच्या गळतीचा आराखडा. सिलिकॉनची औष्णिक संवाहकता दर मीटर दर केल्व्हिन सुमारे १५० वॉट, सिलिकॉन डायऑक्साइडाची १.४. म्हणून तापकाखालचे सिलिकॉन कोरून काढतात आणि ऑक्साइड व नायट्राइडाचे एक-दोन मायक्रोमीटर जाडीचे पटल तेवढे शिल्लक ठेवतात. १०० मायक्रोमीटर व्यासाची, ३००° से. तापलेली गोल तप्तपट्टिका घेऊ. प्रत्येकी १०० मायक्रोमीटर लांब, २० रुंद व १ जाड अशा चार ऑक्साइडाच्या भुजांतून सुमारे ०.३ मिलिवॉट जाते. त्यांवरील धातूच्या पट्ट्या धरल्या तरी अर्ध्या मिलिवॉटच्या आसपास. प्रारण ०.१ मिलिवॉटहून कमी. दोन्ही बाजूंच्या हवेतून मात्र सुमारे ४ मिलिवॉट निघून जातात. भुजा आणखी बारीक करण्याचा खटाटोप त्यामुळे एका मर्यादेपुढे व्यर्थ असतो. तप्तपट्टिकेचा व्यास निम्मा केला की हवेतील गळतीही जवळजवळ निम्मी होते. उलट समोरून, म्हणजे तापकाच्या बाजूने, कोरलेला खड्डा फक्त २० मायक्रोमीटर खोल असेल, तर खालच्या बाजूची गळती वाढते.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडाने मागून कोरताना भिंती ५४.७° कलत्या येतात. त्यामुळे ५२५ मायक्रोमीटर जाड सिलिकॉनच्या चकतीत मागची खिडकी पटलापेक्षा सुमारे ७४० मायक्रोमीटर रुंद ठेवावी लागते. एवढी जागा वाया गेलेली पाहून नवख्यांना आश्चर्य वाटते. प्लाझ्माने उभे कोरल्यास ती वाचते, पण खर्च वाढतो. ऑक्साइडात दाबाचा आणि नायट्राइडात सामान्यतः ताणाचा प्रतिबल असल्याने दोन्हींचे थर जुळवून घेतात, नाहीतर पटल फुगते किंवा तडकते.

तापकाचा धातू : प्लॅटिनम स्थिर असून त्याच्या रोधावरून तापमानही वाचता येते, तथापि पातळ थराचा तापमान-गुणांक ठोकळ्यापेक्षा कमी असल्याने मोजमापाचे अंशांकन वेगळे करावे लागते. त्याखाली चिकटण्यासाठी टायटॅनियम दिल्यास उच्च तापमानाला ते प्लॅटिनमात शिरते, म्हणून अनेकजण टँटलम पसंत करतात. सीमॉस कारखाने प्लॅटिनमाला दूषक मानतात. बहुस्फटिकी सिलिकॉन तेथे सहज मिळतो, पण त्याचा रोध दीर्घकाळात सरकतो. टंगस्टन दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टाळतो आणि आज तोच अधिक व्यवहार्य दिसतो. ॲल्युमिनियम या तापमानाला टिकत नाही. पट्टी नागमोडी असो वा दुहेरी सर्पिल, मध्यभाग अधिक तापतो; म्हणून कडेची पट्टी अरुंद करून तेथे जास्त उष्णता निर्माण करतात.

वस्तुमान नगण्य असल्याने तप्तपट्टिका काही मिलिसेकंदांत तापते व निवते. तापक क्षणभर चालू करून बराच वेळ बंद ठेवल्यास सरासरी खर्च एक मिलिवॉटखाली येतो. तसेच तापमान बदलत नेऊन एकाच थराकडून कार्बन मोनॉक्साइड व मिथेन यांना मिळणारा वेगवेगळा प्रतिसाद टिपता येतो; मिथेनला अधिक तापमान लागते. सिलिकोनच्या बाष्पाने थर निकामी होतो, आणि त्यावर तापकाचा आराखडा काही करू शकत नाही.

भारतात पिलानीची केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी अभियांत्रिकी संशोधन संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे सूक्ष्मतापकांवर काम झाले आहे. महाराष्ट्रात भर संवेदी पदार्थांवर दिसतो, तापकावर कमी.