जुनी डीसी सर्वो मोटर, नवा ड्राइव्ह: मोटर न उघडता आणा

मकरपुरा जीआयडीसी, बडोदा येथील आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी

जुन्या सीएनसीचा ड्राइव्ह (मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणारं युनिट) गेला, कार्ड दुरुस्त होत नाही, मोटर मात्र ठणठणीत आहे. मग तीच मोटर ठेवून नवा ड्राइव्ह बसेल का? मंजुसर, हालोल, पोर, सगळीकडून हाच प्रश्न येतो. बहुतेक वेळा बसतो. जुन्या थायरिस्टर ड्राइव्हच्या करंटमध्ये रिपल, म्हणजे चढउतार, फार असायचा. नव्या पीडब्ल्यूएम (वीज फार वेगाने चालू-बंद करणाऱ्या) ड्राइव्हचा करंट जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्याच कामाला मोटर कमी तापते. शिवाय फ्लॅन्ज, कपलिंग, बॉलस्क्रू यांना हात लावावा लागत नाही.

एकच कळकळीची विनंती आहे: आणण्याआधी मोटरचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा वाइंडिंगचा भाग, बाहेर काढू नका.

पुष्कळ जण "साफ करूनच आणलीय" असं कौतुकाने सांगतात. जुन्या बऱ्याच डीसी सर्वोंमध्ये अल्निकोचे (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचे) चुंबक असतात. आर्मेचरचं लोखंड आत असतं तोवर चुंबकाच्या फ्लक्सला (चुंबकीय प्रवाहाला) सोपी वाट असते. आर्मेचर ओढून काढलं की मध्ये नुसती हवा उरते आणि अल्निको जागच्या जागी कमजोर होतो. आर्मेचर परत बसवलं तरी गेलेली ताकद येत नाही. फेराइटच्या चुंबकाला यातून सहसा काही होत नाही, पण आत कुठला चुंबक आहे हे नेमप्लेटवरून बहुधा कळत नाही.

मागच्या पावसाळ्यात अशीच एक मोटर आली. आर्मेचर पेट्रोलने धुऊन रात्रभर टेबलावर ठेवलेलं. प्लेटवर 1000 आरपीएमला 42 व्होल्ट लिहिलं होतं. आम्ही तिचा शाफ्ट लेथच्या चकमध्ये धरून 1000 आरपीएमवर फिरवला, तर मीटरवर 31 व्होल्ट आले. अशी फिरवली की मोटर स्वतः व्होल्टेज तयार करते; ते कमी आलं म्हणजे चुंबक कमजोर. म्हणजे तेवढ्याच टॉर्कला साधारण 35 टक्के जास्त करंट, आणि वाइंडिंगमधली उष्णता 1.8 पट. असल्या मोटरवर कुठलाही ड्राइव्ह लावा, ओव्हरलोडवर ट्रिप होणार आणि दोष नव्या ड्राइव्हला लागणार. चुंबक पुन्हा चार्ज करायला ती बाहेर पाठवावी लागली. तोवर मशीन बंद.

म्हणून आम्ही आधी बेंच टेस्ट करतो आणि मगच भाव सांगतो. टेस्टचे पैसे आधी का, असं काहींना वाटतं. त्या अर्ध्या तासात चुंबक, कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) आणि इन्सुलेशन तिन्ही तपासून होतात, आणि काम आमच्याकडे दिलंत तर ती रक्कम बिलातून वजा होते.

सफाई करायचीच असेल तर कार्बन (ब्रश) बाहेरच्या टोप्या उघडून काढा. कुठला कार्बन कुठल्या होल्डरचा आणि कुठल्या बाजूने होता, ते खुणेने लक्षात ठेवा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावण्याआधी ड्राइव्ह आणि टॅको (मोटरचा वेग ड्राइव्हला कळवणारा छोटा जनरेटर) दोन्ही सोडवा.

टॅकोच्या वायरींवरही खूण करा. त्या उलट्या लागल्या की मोटर चालू करताच फुल स्पीडला पळते. म्हणून पहिली चाचणी आम्ही नेहमी कपलिंग सोडवून घेतो, घाई असली तरी. नव्या डिजिटल ड्राइव्हला बहुधा एन्कोडर (शाफ्ट किती फिरला ते पल्समध्ये सांगणारा सेन्सर) लागतो. तो मागच्या शाफ्टवर बसवून देतो. प्रिंटेड आर्मेचरच्या चपट्या मोटरीला सीरिजमध्ये चोक (करंट सपाट करणारी कॉइल) द्यावा लागतो, तो भावात धरलेला असतो. ब्रेकिंग रेझिस्टरही (ब्रेक मारताना मोटरकडून परत येणारी वीज जिरवणारा). स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा नेमका हाच गाळलेला असतो, आणि मग ब्रेक मारताना ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजवर जातो.

मोटर फारच थकलेली असेल तर तसं स्पष्ट सांगू. मग एसी सर्वोचाही भाव देऊ.

येण्याआधी नेमप्लेटचा आणि टर्मिनल बॉक्सचा फोटो पाठवा. झेड अक्षाची (हेड वर-खाली करणारी) मोटर सोडणार असाल, तर आधी हेडखाली लाकडी ठोकळा द्या. ब्रेक मोटरमध्येच असेल तर मोटर निघताच हेड खाली येतं.